शेपटाची गाडी

आमच्या पुतण्याच्या मोटारसायकल क्लबात सगळा मान पुढच्या गाडीला. रविवारी पहाटे पंधराजण पुण्याहून ताम्हिणीला निघतात आणि म्होरक्या असा सुटतो, की जणू घाटात पहिली पंगत उठत आलीय! त्याने साठ ठेवले, की शेपटाला गाठण्यासाठी ऐंशीने हाणावी लागते. तीही नेमकी वळणावर, मधली रेघ ओलांडून. अहो, दिंडीतला पताकावाला म्हाताऱ्यांना टाकून पळतो का? नवख्याला म्होरक्यामागे घ्या, मुरलेला शेवटी ठेवा, दोन गाड्यांत दोन सेकंद सोडा. यात कमीपणा कसला?

“काका, मग मजा काय?” पुतण्या म्हणाला, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून. गेल्या खेपेला शेपटाला तोच होता. कपाळाला सात टाके. हेल्मेट होतं ना! आरशाला लटकवलेलं. त्याला ओरखडासुद्धा नाही.