जागावाटप, म्युनिकहून

‘जागावाटप’ म्हटलं की सांगलीत बाबांना युती-आघाडीच्या रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठका आठवतात. जून २०२४ मध्ये मी युरोपियन संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं आणि फोनवर त्यांना सांगितलं, की माझं मत माल्टाच्या मतदाराच्या मानाने जेमतेम एक दशांश भरतं. ते चिडलेच. ‘मग तिथलं नागरिकत्व घेऊन मिळवलंस काय?’

हिशेब सरळ आहे. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या वर, खासदार ९६. एकामागे जवळपास पावणेनऊ लाख माणसं. माल्टाच्या साडेपाच लाखांना ६ खासदार. एकामागे नव्वद हजार. माझं एकटं म्युनिक माल्टाच्या अडीच पटीहून मोठं.

तरी मला याचा राग येत नाही. निव्वळ लोकसंख्येवर वाटप केलं तर माल्टाला फार तर एक खासदार मिळेल. एक खासदार म्हणजे एकच पक्ष, आणि हरलेल्या अर्ध्या देशाला संसदेत तोंडच नाही. २०२४ मध्ये माल्टाच्या सहा जागा दोन पक्षांत तीन-तीन वाटल्या गेल्या. लिस्बन करारातली किमान ६ आणि कमाल ९६ ही अट मला म्हणूनच पटते. देश मोठा तसा एका खासदारामागचा लोकांचा आकडाही मोठा, हेही पटतं.

चीड येते ती सहा आणि शहाण्णवच्या मधल्या घासाघिशीची. १९७९ च्या पहिल्या निवडणुकीत जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन यांना प्रत्येकी ८१ जागा होत्या. २००७ मध्ये फ्रान्सला ७४, ब्रिटनला ७३ आणि इटलीला ७२ असा प्रस्ताव आला, तेव्हा इटलीचे पंतप्रधान रोमानो प्रोदी अडून बसले. सभागृह ७५० चं ठरलेलं. मग काय, करारात लिहिलं ‘७५० अधिक अध्यक्ष’! अध्यक्ष मोजणीतून बाहेर, जास्तीची जागा इटलीच्या पदरात. मानपानात आपले व्याहीही यापुढे फिके.

भांडण टाळायला आपण १९७६ मध्ये लोकसभेतला राज्यांचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवला. युरोप खुर्च्या वाढवतो. ब्रिटन बाहेर पडल्यावर उरलेल्या ७०५ च्या २०२४ च्या निवडणुकीआधी ७२० केल्या. बारा देशांना एक-दोन जागा जास्त मिळाल्या, कोणाचीही कमी झाली नाही.

खरं तर सूत्र २०११ पासून तयार आहे. संसदेच्याच समितीच्या सांगण्यावरून गणितज्ञ केंब्रिजला जमले होते. प्रत्येक देशाला आधी पाच जागा, उरलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, अपूर्णांक वरच्या अंकाला, कमाल ९६. मधल्या आकाराच्या देशांच्या जागा त्यात घटतात, म्हणून ते पडून आहे. मला ते हवंय. आकडा कुठून आला हे शाळकरी पोरालाही स्वतः ताडून पाहता आलं पाहिजे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ‘या सूत्राने जर्मनीला किती?’

‘शहाण्णवच.’

‘मग तू कशाला भांडतेस?’