उभ्या गाडीला कुलूप हवे

जुलै 2019 मध्ये बुलढाणा शहराच्या गवळीपुरा भागातली तीन लहान मुले खेळता खेळता दिसेनाशी झाली. बराच शोध घेतल्यावर ती सापडली, ती एका उभ्या कारमध्ये. दोघे गुदमरून दगावले होते. एक मुलगी तेवढी वाचली. जून 2023 मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात घराजवळच उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीत तीन मुलांचे मृतदेह मिळाले. आदल्या दिवसापासून सारा मोहल्ला त्यांना शोधत होता. एप्रिल 2024 मध्ये मुंबईतल्या अँटॉप हिल परिसरात पडून असलेल्या एका कारमध्ये बहीण-भावाचा असाच शेवट झाला. तीन शहरांत तीन वेगवेगळ्या वर्षांत घडलेल्या या घटना, पण घडण्याची रीत एकच: गाडी उभी होती, दार उघडता आले, मुले आत शिरली आणि मग त्यांना बाहेर पडता आले नाही.

गाडीत मुलांचा जीव जातो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अपघातच येतो. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून पंचवीस माणसे होरपळून गेली, तो दिवस बुलढाणा जिल्ह्याला विसरता येणार नाही. रस्त्यावरच्या अपघातांविषयी बोललेच पाहिजे. पण ज्या गाडीचे इंजिन बंद आहे आणि जी घरासमोर सावलीला लावली आहे, तीही लेकराचा घात करू शकते, ही जाणीव आपल्या घरांत अजून पोहोचलेली नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी बाजारात आज अनेक वस्तू मिळतात आणि त्यांतल्या काही घेतल्याच पाहिजेत. मात्र सुरुवात करायची ती फुकटात होणाऱ्या गोष्टीपासून. गाडी उभी केली की ती कुलूपबंद करायची आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत गावात चारचाकी म्हटले की जीप, नाहीतर ट्रॅक्टर. आता सोयाबीन-कापसाच्या पैशांतून घेतलेली, बहुतेकदा जुनी, कार वाड्यासमोर, गल्लीत किंवा गोठ्याशेजारी उभी दिसते. बल्लाळदेवीच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात. शहरात गाडी सोसायटीच्या फाटकाआड असते. गावात ती मुलांच्या खेळण्याच्या जागेतच असते. ‘आपल्याच दारात तर आहे, कोण नेतो?’ असे म्हणून तिला कुलूप न लावण्याची सवय सगळीकडे आहे. पेरणीच्या दिवसांत आई-वडील दोघेही वावरात, घरी म्हातारी आजी आणि तीन-चार लेकरे. लपाछपीसाठी उघड्या गाडीइतकी चांगली जागा त्यांना दुसरी कुठली वाटणार?

बंद गाडीत नेमके काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. काचेतून ऊन आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आतली हवा तापते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की तासाभरात बंद कारच्या आतले तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढते आणि त्यातला सुमारे 80 टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. बाहेरची हवा आल्हाददायक, 22-25 अंशांची असली, तरीही हे घडते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा अशा गाडीत काय होत असेल याचा अंदाज करा. त्यातच लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिपटीने ते पाचपटीने लवकर तापते. शरीराचे तापमान 40 अंशांपुढे गेले की उष्माघात सुरू होतो आणि 42 च्या आसपास अवयव निकामी होऊ लागतात. म्हणून ‘दोन मिनिटांत आलो’ असे सांगून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून किराणा आणायला जाणे, हा धोका कोणीही पत्करू नये. दुकानात गर्दी निघाली की त्या दोन मिनिटांची वीस मिनिटे होतात.

यात आणखी एक मेख आहे, ती गाडीच्या मागच्या दारात. दार उघडून त्याची कड पाहिली की कुलपाजवळ एक छोटीशी खिटी दिसते. हे चाइल्ड लॉक. खिटी एका बाजूला सरकवली की दार फक्त बाहेरून उघडते, आतल्या हँडलने उघडत नाही. चालत्या गाडीत मुलाने दार उघडू नये, यासाठी ही सोय आहे आणि ती गरजेची आहे. पण हीच गाडी कुलूप न लावता उभी राहिली आणि मूल मागच्या दाराने आत शिरले, तर दार लागताच ते कोंडले जाते. बाहेरून सहज उघडलेले दार आतून का उघडत नाही, हे चार वर्षांच्या जिवाला कळत नाही. ते रडते आणि दमते. काचा बंद असल्याने आवाज गल्लीत पोहोचत नाही. ज्यांच्या गाडीला ही खिटी लावलेली आहे, त्यांनी तर उभ्या गाडीला कुलूप घालण्यात कधीच हयगय करू नये. मुलांनाही दोन गोष्टी शिकवून ठेवाव्यात: कोंडले गेल्यास पुढच्या सीटवर जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडायचे, आणि ते जमले नाही तर हॉर्न दाबत राहायचे. कित्येक गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो का, ते आजच पाहून घ्या. डिकीत कोंडले गेलेल्यांसाठी अमेरिकेत सप्टेंबर 2001 पासून नव्या कारच्या डिकीत अंधारात चमकणारी मूठ बसवणे सक्तीचे आहे. आत अडकलेल्याने ती ओढली की डिकी उघडते. आपल्याकडेही अशी मूठ प्रत्येक नव्या कारमध्ये असायला हवी.

मूल दिसेनासे झाले की गावात आधी विहीर पाहतात, मग नाला, मग बसस्टँड. विहीर आधी पाहणे बरोबरच आहे. पण त्याच क्षणी दुसऱ्या माणसाने आसपासची प्रत्येक उभी गाडी, तिची मागची सीट आणि डिकीसुद्धा उघडून पाहिली पाहिजे. नागपूरची मुले घराच्या जवळच होती. शोध मात्र दूरदूर गेला. अमडापूर पोलीस ठाण्यासह जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याने बेपत्ता मुलाच्या तक्रारीत पहिल्या तासाचे काम म्हणून उभ्या गाड्यांची तपासणी ठरवून टाकावी. याला नवा निधी लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही.

मूल गाडीतच विसरून जाणे हा दुसरा प्रकार. आपल्या माणसांना तो पटत नाही. ‘पोटचे लेकरू कोणी विसरते का?’ हा प्रश्न मनापासूनच विचारला जातो. मे 2024 मध्ये राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेले. आई मोठ्या मुलीला घेऊन मांडवात उतरली. वडिलांना वाटले, धाकटीही तिच्याबरोबर गेली, म्हणून ते गाडी लावून आले. आईला वाटले, धाकटी वडिलांजवळ आहे. तीन वर्षांची ती मुलगी मागच्या सीटवरच राहिली आणि वाचली नाही. त्या आई-बापाची माया कुठे कमी पडली नव्हती. दोघांनी एकमेकांवर विसंबून पोरीला एकटे सोडले होते. लग्नसराईत एका गाडीत आठ-दहा माणसे येतात, तेव्हा हे आपल्याकडे कुठल्याही मांडवाबाहेर घडू शकते. सप्टेंबर 2022 मध्ये कतारमध्ये एका भारतीय कुटुंबातली चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली आणि उन्हात तापलेल्या बसमध्येच गेली.

अमेरिकेत तापलेल्या गाडीत वर्षाकाठी सरासरी 37 मुले दगावतात. 1998 पासूनची संख्या हजारावर गेली आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले विसरली गेलेली असतात आणि जवळपास चौथा हिस्सा स्वतःहून गाडीत शिरलेल्यांचा असतो. 1990 च्या दशकात पुढच्या एअरबॅगपासून वाचवण्यासाठी तिथे मुलांना मागच्या सीटवर बसवणे सुरू झाले. ते योग्यच होते, पण मागे तोंड करून झोपलेले बाळ चालकाच्या नजरेआड गेले. त्यातून आठवण देणाऱ्या वस्तूंचा बाजार उभा राहिला. काही गाड्या प्रवासाआधी मागचे दार उघडले गेले होते एवढे ध्यानात ठेवतात आणि इंजिन बंद करताच सूचना देतात. सीटवर ठेवायची गादी बाळाचे वजन ओळखून मोबाइलवर इशारा पाठवते. आताच्या रडारवर चालणाऱ्या यंत्रणा श्वासाची हालचालही टिपतात. इटलीने चार वर्षांखालच्या मुलांसाठी आठवण देणारे उपकरण नोव्हेंबर 2019 पासून सक्तीचे केले. आपल्या जुन्या गाड्यांत यातले काही नाही. पण याच कल्पनेची बिनखर्ची आवृत्ती कोणालाही जमते: आपली पर्स, मोबाइल किंवा डावी चप्पल मागच्या सीटजवळ ठेवायची. ती घ्यायला मागचे दार उघडावेच लागते. आणि उतरताना प्रत्येक मूल कोणाच्या हाती दिले, ते मोठ्याने बोलून घ्यायचे.

आता धावत्या गाडीकडे येऊ. आपल्याकडे बाळाची जागा म्हणजे पुढच्या सीटवर बसलेल्या आईची मांडी. तिथे ते सर्वांत सुरक्षित आहे, असे प्रत्येक आईला वाटते. पण ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली, तर दहा किलोचे बाळ अडीचशे-तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. जगातल्या कुठल्याही आईच्या हातांत ते धरून ठेवण्याची ताकद नाही. उलट तिच्याच शरीराचा भार त्याच्यावर येतो. समोरची एअरबॅग डोळ्यांची पापणी लवायच्या आत उघडते. तिचा झटका मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने ठरवलेला असतो. डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईत वाशीजवळ पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या धक्क्याने गेला. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागच्याच सीटवर आहे. आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा हवाच: 2014 मध्ये केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे आणि 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा दोघेही मागच्या सीटवर, पट्टा न लावता बसलेले होते.

मोठ्यांचा पट्टा लहान मुलाला पुरत नाही. तो गळ्यावर आणि पोटावर येतो. त्यासाठीच चाइल्ड सीट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या योग्य वापराने मुलांचे मृत्यू किमान 60 टक्क्यांनी कमी होऊ शकतात. तान्ह्या बाळासाठी मागे तोंड असलेली, थोड्या मोठ्या मुलासाठी पुढे तोंड असलेली, आणि पुढे उंची साधारण दीड मीटरच्या जवळ जाईपर्यंत बूस्टर, असा तिचा क्रम. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. अलीकडच्या बहुतेक कारमध्ये मागच्या सीटच्या फटीत बोटे घातली की दोन लोखंडी कड्या लागतात. सीट त्यांना अडकवायची असते. बसवल्यावर तळाशी धरून हलवून पाहावे. इंचभराहून जास्त हलली, तर ती नीट बसलेली नाही. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. या सीटची किंमत साधारण चार-पाच हजारांपासून सुरू होते. गाडीच्या म्युझिक सिस्टीमवर आणि चाकांच्या झळाळीवर आपण याहून जास्त खर्च करतो. वापरलेली सीट नातेवाइकांकडून घ्यायला हरकत नाही, पण ती अपघातातून गेलेली नसावी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण ग्रामीण भागात बहुतेक लेकरे दुचाकीवरच फिरतात, हेही खरे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. किती पालकांना तो ठाऊक आहे? जो नियम लोकांना सांगितलाच नाही, त्याचा दंड वसूल करण्यात मर्दुमकी नाही. म्हणून आधी सांगा आणि मग दंड करा.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. परिवहन विभागाने नव्या कारच्या नोंदणीवेळी घरात लहान मूल असल्यास चाइल्ड सीटची माहिती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे आणि कंपन्यांनी ती सीट गाडीसोबत सवलतीत द्यावी. अंगणवाडी सेविका आणि आशाताई लसीकरणाच्या दिवशी मातांशी बोलतात. उभ्या गाडीचा धोका आणि दुचाकीवरचा पट्टा या दोन गोष्टी त्या बोलण्यात याव्यात. राज्याच्या 2011 च्या नियमावलीप्रमाणे शाळेच्या बसमध्ये मदतनीस असावा लागतो. शेवटच्या थांब्यावर त्याने मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीट पाहावी आणि तशी नोंद करावी. ऑटोत आणि व्हॅनमध्ये पोरे कोंबणाऱ्यांनाही हाच नियम लावावा. ग्रामपंचायतींनी रस्त्याकडेला आणि गॅरेजबाहेर बेवारस पडलेल्या गाड्या उचलाव्यात. ते जमेपर्यंत मालकाला त्यांची दारे पक्की बंद करायला लावावे.

यातली बरीचशी कामे सरकारची आहेत आणि ती होईपर्यंत वेळ जाईल. किल्लीचे काम मात्र ज्याच्या दारात गाडी आहे त्याचेच आहे. आज रात्री गाडी लावाल तेव्हा मागची सीट पाहा, चारही दारे ओढून बघा, डिकी तपासा आणि किल्ली उंचावरच्या खुंटीला लावा. शेजाऱ्याची गाडी उघडी दिसली, तर संकोच न करता त्याचे दार ठोठावा. गवळीपुऱ्याची घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे. ती पुन्हा घडू न देणे आपल्या हातात आहे.