एका म्हणीविरुद्ध फिर्याद

मराठी भाषेत म्हणींची वाण नाही. शेतकऱ्याने, सुईणीने, सासुरवाशिणीने आणि सावकाराच्या कुळाने आपापल्या अनुभवाचा अर्क काढून त्या बनविल्या, आणि त्यांतील बहुतेकींपुढे मी आदराने मान लववितो. पण एका म्हणीशी माझे वैर आहे. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही ती म्हण. चारचौघांत फेकायला ती मोठी सोयीची आहे. तिला पुरावा लागत नाही, आणि उच्चारणाऱ्याला स्वतः काही करावेही लागत नाही. आनंदाच्या या दिवसांत मी तिच्याविरुद्ध फिर्याद गुदरीत आहे, याचे कारण असे की, ऐन दिवाळीतच ती पुष्कळांना घायाळ करते.

कशी ते पाहा. घरातला एखादा कर्ता पुरुष दसऱ्याचा मुहूर्त धरून सिगारेट सोडतो. वीस दिवस बिचारा बडीशेप चघळीत, खिशातली काडेपेटी चाचपीत आणि हात कुठे ठेवावा हे न कळून येरझारा घालीत काढतो. मग दिवाळी येते. घर पाहुण्यांनी भरते. फराळ झाल्यावर कुणी मेहुणा किंवा साडू त्याला गच्चीवर नेतो, पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, “घ्या हो, सणासुदीला एकाने काय होते?” तो एक ओढतो. कुणीतरी ते पाहते. खाली येईपर्यंत बातमी स्वयंपाकघरात पोहोचलेली असते आणि भरल्या घरात कुणीतरी ती म्हण उच्चारते. सगळे हसतात. तोही हसतो. संध्याकाळी मात्र तो कोपऱ्यावर जाऊन अख्खे पाकीट विकत घेतो. पैसे त्याने दिले हे खरे. पण दुकानाची वाट त्याला आपण दाखविली.

गंमत अशी, की म्हण उच्चारणारी हीच मंडळी दसऱ्याच्या दिवशी काही वेगळेच बोलत असतात. “त्यात काय आहे? मनात आणले की एका दिवसात सुटते!” म्हणजे सोडण्यापूर्वी ती केवळ मनावर घेण्याची गोष्ट होती, आणि घसरल्यानंतर ती जन्माची खोड झाली. आधी इतकी सोपी, की मदत करायला नको. नंतर इतकी अवघड, की मदत करण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा आपण मोकळे! या दोन वाक्यांच्या मध्ये जो खरा माणूस वीस दिवस झुंजत होता, त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही.

तो कशाशी झुंजत होता, ते सांगतो. झुरका घेतल्यापासून दहा-एक सेकंदांत धुरातले निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे ते क्षणभर बरे वाटू देते आणि लगेच ओसरू लागते. रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. सिगारेट ओढणारा माणूस कचेरीत दर थोड्या वेळाने उठून बाहेर जातो, तो काही कामचुकार असतो म्हणून नव्हे. त्याच्या मेंदूने हिशेब मागितलेला असतो. वर्षानुवर्षे ही उधारी चालली, की मेंदूच तिच्या बेताने आपली मांडणी बदलतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने 1988 साली आपल्या अहवालात स्पष्ट सांगितले, की तंबाखूचे व्यसन ज्या रीतीने जडते ती रीत हेरॉइन आणि कोकेन यांच्या व्यसनासारखीच आहे. ज्याला आपण ‘खोड’ म्हणतो, त्याचे हे खरे रूप आहे. नखे खाणे ही खोड झाली. ही गोष्ट निराळी.

सोडल्यावर पहिल्या दिवसातच चिडचिड सुरू होते. झोप मोडते, भूक वाढते, चित्त कुठे लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. मग हळूहळू कमी होत तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. पण नेमक्या याच काळात घरातून एक वाक्य ऐकू येते : “याच्यापेक्षा ओढत होता तेच बरे होते!” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. तो नुसता कंटाळलेला असतो. परंतु ज्याच्या कानांवर ते पडते, त्याला वाटते की चला, घराचीही परवानगी मिळाली!

शरीराचा त्रास महिन्याभरात संपला, तरी तलफ संपत नाही. ‘तलफ’ हा शब्द आपल्या भाषेने फार नेमका घडविला आहे. त्यात तडफडही आहे आणि लाडही आहे. ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर येते, जेवणानंतर येते, पावसात बसथांब्यावर उभे असताना येते. कुणी दुसऱ्याने काडी ओढली, की तिच्या वासानेही येते. सहा महिन्यांनी येते, दोन वर्षांनीही येते. मात्र तिचे एक वर्म आहे : ती फार वेळ टिकत नाही. काही मिनिटे थैमान घालते आणि निघून जाते. तिच्याशी वाद घालू नये. वादात तीच जिंकते. पेलाभर पाणी सावकाश प्यावे, जागा बदलावी, अंगणात चार फेऱ्या माराव्यात, कुणाशी तरी भलत्याच विषयावर बोलावे. चहाबरोबर ती येत असेल तर काही दिवस चहाची वेळ आणि खुर्ची बदलावी. उपाय साधेच आहेत. पण ती पाच-दहा मिनिटे निभावताना शेजारी कुणी हसणारे नसावे, एवढी एक सोय तरी घरच्यांनी करायला हवी.

आता घसरण्याविषयी. मी शाळामास्तर आहे. हिशेब माझ्या अंगवळणी पडला आहे. हा गृहस्थ रोज पंधरा सिगारेटी ओढीत होता असे धरा. वीस दिवसांच्या झाल्या तीनशे. त्यांतली त्याने एक ओढली. म्हणजे दोनशे नव्व्याण्णव ओढल्या नाहीत. आपण मात्र त्याच्या पाटीवर भोपळा काढून मोकळे होतो! तीनशेतून एक वजा केल्यावर शून्य उरते असे माझ्या वर्गातल्या मुलाने लिहिले, तर मी त्याला नापास करीन. घरोघरी शहाणीसुरती माणसे नेमके हेच गणित मांडतात आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, की मग ती एक सिगारेट क्षम्यच म्हणायची का? नाही. ती एक मोठी घातकी असते. बहुतेकांची पुन्हा सुरुवात अशा एकीपासूनच होते. म्हणून तर ती पुढे करणाऱ्या मेहुण्याला मी अधिक दोष देतो. पण एकीपासून पाकिटापर्यंतचा रस्ता लाजेतून जातो. ‘शपथ मोडलीच आहे, अब्रू गेलीच आहे, मग आता कशाला हात आखडायचा?’ असा विचार त्या रस्त्यावर भेटतो. त्या वळणावर कुणी खांद्यावर हात ठेवून “बरे, झाले ते झाले, उद्याचा दिवस सांभाळ” एवढेच म्हटले, तर पुष्कळ माणसे तिथूनच मागे फिरतील. आपण मात्र तिथे म्हणीची पाटी लावून ठेवली आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी चार वेळा सिगारेट सोडली आणि चारही वेळा ती पुन्हा धरली. प्रत्येक वेळी त्यांच्या कचेरीत पैजा लागत, घरी नक्कल होई. पाचव्या वेळी त्यांनी कुणालाच सांगितले नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. खिशात पाकीट तसेच ठेवून, मधल्या सुट्टीत इतरांबरोबर टपरीपर्यंत जाऊन, काही निमित्त काढून ते रिकाम्या हाताने परत येत. तीन महिन्यांनी घरात कळले, तेव्हा सोडून नव्वद दिवस उलटले होते. सिगारेट लपून ओढणारे मी शाळकरी वयापासून पाहत आलो आहे. पण सिगारेट लपून सोडावी लागते, हे मला या गृहस्थांमुळे कळले. ज्या समाजात माणसाला चांगली गोष्ट चोरून करावी लागते, त्या समाजाने आपल्या थट्टामस्करीचा एकदा झाडा घ्यायला हवा.

म्हणीच्या बाजूने साक्ष द्यायला पुष्कळ लोक येतील. माझ्या बाजूने मी इंग्लंडातल्या डॉक्टरांना बोलावतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी 1951 साली तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्न पाठविले, आणि त्या डॉक्टरांच्या आयुष्याची नोंद पुढे पन्नास वर्षे ठेवली गेली. 2004 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी घटते. पण साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यांतली सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. आणि तिसाव्या वर्षी सोडली, तर दहाच्या दहा. म्हण सांगते, की मेल्याशिवाय खोड जात नाही. ही नोंदवही सांगते, की खोड गेली तर मरणच लांबते! साठीच्या आजोबांना “आता सोडून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्यांनी ती तीन वर्षे मोजून पाहावीत. तीन वर्षांत नातू चालायला आणि बोलायला लागतो.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायलाही बंदी केली. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. सोडलेला माणूस पुन्हा वळतो, तेव्हा त्याला पाकीट नको असते. त्याला फक्त ‘एक’ हवी असते. एक मिळत नसेल, तर अख्खे पाकीट घेताना तो क्षणभर थांबेल, आणि तो क्षणच पुष्कळदा तलफेला पुरून उरेल. पण नियम कागदावर आणि बरणी टपरीवर! माझ्या गावात आजही एक मागितली तर एक मिळते, वर पेटवायला काडीही फुकट.

घरातल्या बायामाणसांनीही हा लेख पुरुषांच्या अंगावर फेकून हसू नये. 2016-17 सालच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शंभरात सुमारे चार निघाले, तर तंबाखू, मशेरी यांसारखे बिनधुराचे प्रकार वापरणारे सुमारे चोवीस. कोनाड्यातल्या मशेरीच्या डबीत आणि सिगारेटच्या पाकिटात निकोटिन एकच आहे, तलफही एकच. सकाळी मशेरी लावल्याशिवाय जिचा दिवस उगवत नाही, तिनेही ही म्हण कधीतरी ऐकलेली असते.

“म्हणजे व्यसनी माणसाचे लाड करायचे?” असा प्रश्न येणारच. लाड मुळीच करू नयेत. त्याला जाब जरूर विचारावा. पण विचारताना उत्तर मिळेल असा विचारावा. ‘तुला लाज कशी वाटत नाही?’ याला उत्तर नसते. ‘कुठे ओढलीस, कुणाबरोबर, कोणत्या वेळी?’ याला असते, आणि पुढच्या वेळचा बंदोबस्त त्या उत्तरातूनच निघतो. नुसत्या निर्धाराने जमत नसेल, तर निकोटिनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याची औषधेही आहेत. तापाला औषध घेताना आपण मनोनिग्रहाची परीक्षा घेत नाही. मग इथेच का घ्यावी? 2018 पासून सिगारेटच्या पाकिटावरच मदतीचा फुकट दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो : 1800-11-2356. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकाहून अधिक वेळा सोडावी लागते. चौथा प्रयत्न म्हणजे काही चौथा पराभव नव्हे. पहिल्या तीन खेपांत कुठे पाय घसरला, हे आता त्याला ठाऊक झालेले असते.

माझी मागणी एवढीच आहे. या दिवाळीत तुमच्या घरी कुणी सिगारेट, विडी, तंबाखू सोडलेला माणूस असेल, तर त्याच्यापुढे पाकीट धरू नका. आणि तो घसरलाच, तर ती म्हण उच्चारू नका. ती सवयीने ओठांवर येईल, मला ठाऊक आहे. पिढ्यान्पिढ्यांची खोड आहे ती. आली, की पेलाभर पाणी प्या, जागा बदला, अंगणात एक फेरी मारा. काही मिनिटांत ती ओसरेल. आणि एखाद्या वेळी तोंडातून निसटलीच, तर हताश होऊ नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सोडा.