शिल्लक पाहून चालणे

मनगटावरील घड्याळ रोज सायंकाळी बजावीत असे : दहा हजार पावले पूर्ण करा. हा आकडा मूळचा वैद्यकशास्त्राचा नव्हे; १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. मला जडलेल्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या विकारात तर तो घातक. येथे अतिश्रमांची वसुली त्याच दिवशी होत नाही. एक-दोन दिवसांनी, व्याजासह होते. मार्चअखेरच्या कामानंतर आठवडाभर अंथरुणास खिळले, तेव्हा हे उमगले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढविण्याचा उपचार या विकाराच्या शिफारशींतून वगळला.

अशा रुग्णाला घड्याळाने गाठावयाचे उद्दिष्ट नव्हे, थांबावयाची मर्यादा दाखवावी, असे माझे मत आहे. मी नाडीच्या ठोक्यांची कमाल मर्यादा लावली आहे. ती ओलांडताच घड्याळ थरथरते आणि मी शाखेच्या जिन्यातच बसते. ग्राहक वळून पाहतात, पाहोत. मनगटावरील आकडे अंदाजी असतात, हे मान्य. पण शिल्लक न पाहता धनादेश लिहिणाऱ्याने त्यांना नावे ठेवू नयेत.

उद्दिष्टपूर्तीची सवय जडलेल्या आम्हां बँकवाल्यांना कमी चालणे हे यश वाटणे कठीणच. काल माझी पावले २,९४० भरली. आज मी कामावर आहे.