पदकांच्या राशी आणि शेजाऱ्याचा खो

आरती कांबळे, ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार ही नावे रत्नागिरीत कोणाला नव्याने सांगावी लागत नाहीत. महाराष्ट्राच्या महिला खो-खो संघात या जिल्ह्याच्या मुलींनी आपले स्थान कष्टाने मिळविले आहे. पण ज्या खेळाची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली आकाराला आली, त्याला अनेक देशांच्या बहुविध क्रीडास्पर्धेत पदकाचा मान मिळण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. तो मान दिला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेने. गुवाहाटी-शिलाँग येथील त्या स्पर्धेत सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक पटकाविले. पुढे २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता!

या स्पर्धेकडे आपल्याकडे काहीशा तुच्छतेनेच पाहिले जाते. २०१९ साली नेपाळमध्ये भारताने १७४ सुवर्णपदकांसह ३१२ पदके मिळविली. अनेक प्रकारांत दुसऱ्या फळीचे खेळाडू पाठवूनही ही रास जमते, तेव्हा तिचा अभिमान बेतानेच बाळगावा, हे खरे. परंतु स्पर्धेचे मोल केवळ पदकांच्या तराजूत जोखणे ही दृष्टीची कोती मर्यादा होय. काठमांडूत पहिली स्पर्धा भरली १९८४ साली. ‘सार्क’ची स्थापना ढाक्यात झाली ती डिसेंबर १९८५ मध्ये. म्हणजे या प्रदेशातील राष्ट्रप्रमुख एका मेजाभोवती बसण्यापूर्वीच त्यांचे धावपटू एका मैदानावर उतरले होते.

पाकिस्तानचे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही आणि टाळूही नये. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटवर हल्ला झाला. तरी पुढच्याच महिन्यात पाकिस्तानी खेळाडू गुवाहाटीत सन्मानाने खेळून गेले. त्याची परतफेड सप्टेंबरात उरी येथे झाली आणि इस्लामाबादची सार्क परिषद बारगळली. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम घडले. यानंतरची स्पर्धा पाकिस्तानकडे सोपविलेली आणि तिच्या तारखा वारंवार पुढे ढकललेल्या. रक्त सांडणाऱ्याच्या अंगणात आपली मुले पाठवावीत काय, याचा निर्णय शासनाने राष्ट्रहित पाहूनच करावा. मात्र एका शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश या सर्वांना, आणि आपल्याच देशी खेळांना, का व्हावी?

कारण खेळ आंतरराष्ट्रीय होतो तो दुसऱ्याने आपल्याला हरविण्याइतका शिकून घेतला म्हणजे. कबड्डीचेच पाहा. १९९० च्या बीजिंगपासून सलग सात आशियाई स्पर्धांत पुरुषांचे सुवर्ण भारताचे होते. २०१८ साली जकार्तात इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात नमविले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन! पुष्कळांना तेव्हा हा घरभेदीपणा वाटला. वास्तविक कबड्डीवर त्यांचे उपकारच झाले. भारतीय संघ जागा झाला आणि २०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णे परत आली.

खो-खोत ही भूमिका नेपाळ बजावू लागला आहे. २०१९ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात समोर नेपाळ होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला अशा दोन्ही अंतिम सामन्यांत पुन्हा नेपाळच. भारताने हे सामने ५४-३६ आणि ७८-४० असे जिंकले. पुरुषांतील अठरा गुणांचे अंतर पाहून आनंद मानायचा की सावध व्हायचे, हे खो-खो संघटनांनी ठरवावे.

आणि सावध व्हायचे तर आरंभ रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांपासून करावा लागेल. विश्वचषक खेळला गेला मॅटवर. मातीवर सूर मारणारी मुलगी मॅटवर तसाच सूर मारील, असे नाही. पायाची पकड, वळण, खांबाजवळचा तोल सारेच बदलते. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो, तेव्हा मातीचे मैदान चिखलाखाली जाते आणि मॅट अंथरायची तर डोक्यावर छत लागते. विजेत्यांच्या सत्काराला व्यासपीठ तत्काळ उभे राहते. चिपळूण, खेड, लांजा, राजापूर येथील शाळकरी मुलींना जून ते सप्टेंबर सरावासाठी असे छत कोठे मिळेल, हे सत्काराच्या त्या व्यासपीठावरून आजवर किती जणांनी सांगितले?