विस्तार करावा, पण कशाचा?

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० साली सुरू झाली आणि मुंबईकरांची मोटार थेट किहीमच्या वाडीत येऊन उभी राहू लागली. साहजिकच या पट्ट्यातील वैद्यबंधू व औषधनिर्माते यांच्या मनात विस्ताराचा विचार येतो. विचार योग्यच आहे. मात्र शनिवार-रविवारची गर्दी म्हणजे बारमाही मागणी नव्हे. पावसाळ्यात गेटवेहून येणारी लाँचसेवा बंद असते, कर्जाचा हप्ता बंद होत नाही.

विस्ताराची पहिली पायरी कायद्याची आहे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास ‘शेड्यूल टी’च्या अटींतून सूट आहे. तेच औषध बाजारात विकावयाचे ठरविले, की परवाना, किमान १२०० चौरस फूट बांधीव जागा, तज्ज्ञ मनुष्यबळ व गुणनियंत्रण ही सारी जबाबदारी येते. एकदम कारखाना उभारण्यापेक्षा दुसऱ्या परवानाधारकाकडे लोन लायसन्सवर दोन-तीन कल्प तयार करून खप अजमावणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.

दुसरा प्रश्न, कोणते कल्प वाढवावेत? येथे शार्ङ्गधरांनी सांगितलेला सवीर्यतावधी हाच उत्तम मार्गदर्शक होय. त्यांच्या मते चूर्ण २ महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटी व अवलेह १ वर्षाने. आसवे व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान ठरतात. आजच्या नियमांनुसार चूर्णास २ वर्षांची मुदत मिळते. परंतु किनाऱ्यावरील दमट हवेत आषाढात उघडलेल्या चूर्णाच्या डब्याची काय अवस्था होते, हे येथील प्रत्येक वैद्य जाणतो. म्हणून चूर्णे मागणीपुरतीच, लहान बॅचमध्ये करावीत आणि वाढीव भांडवल आसवारिष्टांकडे वळवावे. संधान पूर्ण होईपर्यंत पैसा अडकतो खरा, पण न खपलेला माल फेकून देण्याची वेळ येत नाही.

याच रायगड जिल्ह्यात, पनवेल येथे, १८७२ साली स्थापन झालेल्या ‘श्री धूतपापेश्वर’ने दीडशे वर्षे ओलांडली आहेत. इतका दीर्घ पल्ला डोळ्यांपुढे ठेवला, तर एका हंगामातील खपावर यंत्रे घेण्याचा मोह आवरेल. बँकेत अर्ज करण्यापूर्वी गेल्या ३ वर्षांची विक्री कल्पवार व महिनावार मांडावी. आषाढ ते भाद्रपद या काळातील खपावर हप्ता निघतो का, ते पाहावे. अग्निबल पाहून आहारमात्रा ठरवावी, असे आपण रुग्णास नित्य सांगतो. तोच सल्ला आपल्या व्यवसायासही द्यावा.