लक्षण आणि भूछत्र

आमच्या वडील बंधूंचा नातू नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडांत राहतो. गेल्या आश्विनांत त्यानें घरीं एक छायाचित्र पाठविलें. मेजावर सात तपकिरी भूछत्रें मांडलेलीं, आणि खालीं मजकूर : ‘रानांतून स्वतः वेंचून आणलीं. कापल्यावर निळीं पडत नाहींत, म्हणजे बिनविषारी. उद्यां भाजी !’ वहिनींनीं तत्काळ उपाय सांगितला. ‘त्याला कळवा, भाजींत चांदीचा रुपया टाक, काळा पडला तर ओतून दे.’ आम्हीं म्हटलें, ‘वहिनी, हें कळवूं नये.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘भावजी, पोरानें हौसेनें आणलीं आहेत, त्यांत तुमचें न्यायशास्त्र कशाला ?’

वास्तविक मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण-कांद्याच्या पंक्तीस कवकेंही अभक्ष्य म्हणून बसविलीं आहेत. परंतु कांदा आमच्या स्वयंपाकघरांत केव्हांच शिरला. तेव्हां नातवास मनु सांगण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं. तर्क सांगण्याचा मात्र आहे, आणि येथें प्रश्न मुलाच्या जिवाचा होता.

तर्कसंग्रहावरील दीपिकेंत लक्षणाचे तीन दोष गाईच्या उदाहरणानें दाखविले आहेत. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटलें कीं पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. ‘शिंगें असलेली ती गाय’ म्हटलें कीं म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. ‘एका खुराची ती गाय’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. आमच्या घरांत त्या दिवशीं हे तिन्ही दोष एकत्र जमले होते.

‘निळें न पडणें’ हें भक्ष्याचें लक्षण मानिलें तर ‘बे बोलीट’ नांवाचें उत्तम भूछत्र सुटतें. कारण तें दाबतांच निळसर होतें. उलट ‘कडू बोलीट’ निळें न पडतां आंत शिरतें, आणि त्याचा एक तुकडा सबंध पातेल्याची नासाडी करतो. चांदीच्या रुपयाचा दोष तर याहून भयंकर. युरोपांतील सर्वांत घातक असें जें पांढरट-हिरव्या टोपीचें ‘अमानिटा फॅलॉयडिस’, त्याच्या विषानें चांदी काळी पडतच नाहीं. तें शिजविल्यानें निर्विष होत नाहीं. खाल्ल्यावर बहुधा सहा तास तरी कांहीं जाणवत नाहीं, आणि पुढें यकृताचा नाश होतो. चांदी काळी पडते ती गंधकानें; विषाशीं तिचा संबंध नाहीं.

मग नातवानें आणलें तें ओळखावें कसें ? त्याचें शास्त्रीय नांव ‘बोलेटस एड्यूलिस’. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्युलियार यांनीं १७८२ सालीं तें दिलें. ‘एड्यूलिस’ म्हणजे भक्ष्य. जर्मन लोक त्यास ‘श्टाइनपिल्त्स’ म्हणजे पाषाण-भूछत्र म्हणतात. तें स्प्रूस, पाइन, ओक, बीच अशा वृक्षांच्या मुळांशीं साहचर्य करून वाढतें. टोपी तपकिरी, कडेस फिकी. टोपी उलटी केली असतां पात्यांऐवजीं स्पंजासारखीं बारीक छिद्रें दिसतात. तीं कोंवळेपणीं पांढरीं, मग पिवळीं आणि शेवटीं हिरवट होतात. देठ फुगीर, त्याच्या वरच्या भागावर पांढऱ्या रेषांची उठावदार जाळी. आंतील गर पांढरा, आणि कापल्यावरही पांढराच राहणारा. कडू बोलीटाचीं छिद्रें वाढतां वाढतां गुलाबी होतात आणि जाळी गडद तपकिरी असते. ‘सैतानी बोलीटा’चीं छिद्रें लाल, टोपी खडूसारखी फिकी, तें पोटांत गेल्यास भयंकर ओकाऱ्या होतात.

यांतील एकही खूण एकटी पुरेशी नाहीं. सर्व खुणा एकाच ठिकाणीं जुळल्या तरच निश्चय होतो, आणि तोही जाणत्याच्या डोळ्यांनीं. स्वित्झर्लंडांत पुष्कळ गांवीं परीक्षा उत्तीर्ण झालेले भूछत्र-तपासनीस सरकारी ठाण्यांत बसतात. लोक टोपल्या घेऊन त्यांच्याकडे जातात. आम्हीं नातवास हें सर्व लिहिलें, आणि तपासनिसास दाखविल्यावांचून चूल पेटवूं नकोस, असें बजाविलें. आमच्या वाचकांनींही हीं युरोपांतील रानांचीं लक्षणें सह्याद्रींत लावूं नयेत.

दोन दिवसांनीं उत्तर आलें. ‘आजोबा, सातांपैकीं सहा उत्तीर्ण. सातव्याची जाळी काळसर आणि छिद्रें गुलाबी होतीं. साहेबांनीं तें कडू बोलीट ठरवून फेंकून दिलें. मला सातही एकसारखींच वाटलीं होतीं.’

आम्हीं तें वहिनींस वाचून दाखविलें. त्यांनीं तें पुन्हां एकदां वाचावयास लाविलें, आणि रुपयाविषयीं मात्र पुढें कांहीं काढलें नाहीं.